वाटाड्या

आडरानांतील साहसाच्या कथांत एक पात्र बहुधा ठरलेलें असतें. तें सर्वांच्या पुढें चालतें. पाणी कोठें लागेल, वादळ केव्हां येईल, मोडलेल्या काटकीवरून कोण कोणत्या दिशेनें गेलें असेल, हें सारें त्याला ठाऊक असतें. आणि मंडळी एकदां सुखरूप घरीं पोंचली, म्हणजे तें कथेंतून नाहींसें होतें. आमच्याकडील गडकोटांच्या प्रवासवर्णनांतहि हें पात्र भेटतें. बरोबरच्या स्नेह्यांचीं नांवें, त्यांची थट्टामस्करी, वाटेवर सोडलेल्या शिदोरीचा तपशील, हें सर्व लेखक अगत्यानें देतो. पण पुढें चाललेल्या ठाकराचें किंवा महादेव कोळ्याचें नांव मात्र 'वाटाड्या' एवढेंच असतें. त्याचें घर कोठें, त्याला स्वतःला कोठें जावयाचें होतें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील आदिवासी नट डेव्हिड गुल्पिलिल याचे चित्रपट पाहतांना आम्हांस हा प्रश्न वारंवार पडला. कारण सुमारें पन्नास वर्षें त्यानें पडद्यावर बहुतकरून हेंच एक काम केलें, आणि तें करतां करतां त्या कामाचा अर्थच पालटून टाकला.

गुल्पिलिल हा उत्तर ऑस्ट्रेलियांतील आर्नहेम लँड या प्रदेशांतला, योलंगू लोकांपैकीं मांडलपिंगू कुळांतला. मिशनऱ्यांनीं त्याची जन्मतारीख १ जुलै १९५३ अशी लिहून ठेवली. ती अर्थात् अंदाजाची होय. 'डेव्हिड' हें नांवहि त्याच्या लोकांचें नव्हे. शिकार करणें, माग काढणें आणि विशेषतः नृत्य, हें त्याचें खरें शिक्षण. १९६९ सालीं निकोलस रोएग हा इंग्रज दिग्दर्शक आपल्या चित्रपटासाठीं मुलगा शोधीत मानिंग्रिडा या वस्तीवर आला, तेव्हां हा पंधरासोळा वर्षांचा मुलगा नाचण्यांत नांवाजलेला होता. इंग्रजी त्याला जेमतेम समजे. पण रोएगला हवें होतें तें त्याच्या अंगांत पुरेपूर होतें.

तो काळ कसा होता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९६७ सालच्या सार्वमतापर्यंत, देशाची लोकसंख्या मोजतांना मूळ रहिवाशांस गणतींत धरूं नये, असें कलम ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेंतच होतें. ज्यांना शिरगणतींत स्थान नाहीं, त्यांना नाटकसिनेमांत कोण स्थान देणार? चार्ल्स शोवेल यानें १९५५ सालच्या 'जेडा' या चित्रपटांत रॉबर्ट टुडावाली आणि एन्गार्ला कुनॉथ या दोघां आदिवासींस प्रमुख भूमिका दिल्या, हा मोठाच अपवाद. त्यानंतर बारा वर्षांनीं, म्हणजे सार्वमताच्याच सालीं निघालेल्या 'जर्नी आउट ऑफ डार्कनेस' या चित्रपटांत आदिवासी वाटाड्याची भूमिका एड डेव्हरो या गोऱ्या नटानें अंगाला काळा रंग फांसून केली. आणि आदिवासी कैद्याची भूमिका मलायांत जन्मलेल्या कमाल नांवाच्या तमिळ गायकास मिळाली! ज्यांचा देश, त्यांचें सोंगसुद्धां दुसऱ्यांनींच आणावें, अशी ही व्यवस्था होती.

रोएगचा 'वॉकअबाउट' १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. वाळवंटांत एकाकी पडलेलीं दोन गोरीं भावंडें, आणि आपल्या जमातीच्या रीतीप्रमाणें एकटाच रानांत फिरत असलेला एक आदिवासी मुलगा, यांची ही कथा. आटलेल्या पाणवठ्यापाशीं त्यांची गांठ पडते. मुलगी 'पाणी' हा शब्द इंग्रजींत पुनः पुनः उच्चारते, आणि समोरच्याला तो कळत नाहीं म्हणून चिडते. धाकटा भाऊ मात्र नुसती पिण्याची खूण करतो, आणि तो मुलगा हंसून एक पोकळ नळी जमिनींत खुपसून पाणी ओढून दाखवतो. गुल्पिलिल चित्रपटभर आपल्याच भाषेंत बोलतो, आणि तिचें भाषांतर पडद्यावर दिलेलें नाहीं. शेवटीं तो अंगावर रंग रेखून त्या मुलीपुढें नाचूं लागतो. तें प्रियाराधन आहे, हें तिला उमगत नाहीं. तिला केवळ भीति वाटते. सकाळीं त्याचें प्रेत झाडावर लटकलेलें आढळतें. मुलें आपल्या जगांत परत जातात, आणि वाटाड्या कथेंतून जातो तो असा. चित्रपटाच्या नामावलींत त्याचें नांवहि 'गम्पिलिल' असें अशुद्ध लागलें. परंतु तो नाच ज्यांनीं पाहिला, त्यांच्या ध्यानांतून नाचणारा मुलगा गेला नाहीं.

यापुढें त्याला कामें मिळत गेलीं. 'स्टॉर्म बॉय' (१९७६) या चित्रपटांत तो दक्षिण किनाऱ्यावरील कूरोंगच्या खाजणांत एका एकाकी गोऱ्या मुलाचा मित्र झाला. पीटर वीअरच्या 'द लास्ट वेव्ह' (१९७७) मध्यें सिडनी शहरांतील आदिवासी तरुण झाला. दूरचित्रवाणीवरील 'बोनी' या मालिकेंतहि तो दिसला. पण त्या मालिकेंतील अर्धआदिवासी गुप्तहेराची नायकाची भूमिका मात्र न्यूझीलंडच्या एका गोऱ्या नटाकडे होती. 'क्रोकोडाइल डंडी' (१९८६) या जगभर गाजलेल्या विनोदी चित्रपटांत त्याचा प्रवेश लहानसाच आहे, तथापि तो आम्हांस विसरतां येत नाहीं. रानांत अकस्मात् भेटलेल्या या आदिवासीचें छायाचित्र घेण्यास अमेरिकन पत्रकारबाई पुढें सरसावतात. घेतां येणार नाहीं, असें तो गंभीरपणें सांगतो. छायाचित्रानें आत्मा हिरावला जातो म्हणून का, असें बाई भक्तिभावानें विचारतात. तेव्हां तो म्हणतो कीं तसें कांहीं नाहीं, तुमच्या भिंगावरचें झांकण काढावयाचें राहिलें आहे! प्रेक्षक खो खो हंसतात. पण हंसूं ओसरल्यावर असें वाटतें कीं, त्याच्या लोकांकडे पाहणाऱ्या कित्येक कॅमेऱ्यांची हीच स्थिति होती.

१९८७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें त्याला राष्ट्रीय सन्मान दिला. चित्रपट मिळत, पुरस्कार मिळत, परदेशच्या वाऱ्या घडत. आणि काम संपलें म्हणजे तो रामिंगिनिंग येथील वस्तीवर अगदीं साध्या निवाऱ्यांत परत येई. मिळालेला पैसा आप्तेष्टांत वांटावा, हा तेथील धर्म. एका जगांत त्याला लोकप्रियता होती पण घर नव्हतें; दुसऱ्यांत घर होतें, परंतु त्याच्या दीर्घ गैरहजेरीचा हिशेबहि होता. क्रेग रडी या चित्रकारानें काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला २००४ सालीं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालें. त्या चित्राच्या नांवांतच 'दोन जगें' हे शब्द आहेत. या दोन जगांच्या सांध्यावर उभें राहण्याची किंमत त्यानें दिली, आणि त्याच्या जवळच्यांनींहि दिली. दारूनें त्याला पुष्कळ वर्षें ग्रासलें होतें. २०११ सालीं पत्नीला मारहाण केल्याबद्दल त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. नटाच्या गुणांपुढें ही गोष्ट झांकावी, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या स्त्रीला तो मार सोसावा लागला, तिचें दुःख त्याच्या कीर्तीनें हलकें होत नाहीं. आणि दोन जगांची ओढाताण हें त्या अपराधाचें समर्थनहि होऊं शकत नाहीं.

परंतु त्याच्या कलेचा मोठा भाग याच उत्तर आयुष्यांत घडला, हेंहि तितकेंच खरें. २००२ सालीं त्याचे दोन चित्रपट आले, आणि दोहोंतहि तो पोलिसांचा माग काढणारा होता. फिलिप नॉइसच्या 'रॅबिट-प्रूफ फेन्स' या चित्रपटांत १९३१ सालची हकीकत आहे. आईपासून हिरावून सरकारी वसाहतींत ठेवलेल्या तीन मुली पळतात, आणि सशांसाठीं घातलेल्या कुंपणाच्या कडेनें सुमारें २,४०० किलोमीटरची वाट धरतात. त्यांच्या मागावर सोडलेल्या मूडूची स्वतःची मुलगी त्याच वसाहतींत अडकलेली आहे. मूडू फारसें बोलत नाहीं. मुलींनीं माग कसा पुसला हें त्याच्या ध्यानांत येतें, तेव्हां चेहऱ्यावर कौतुकाची एक लकेर उमटते आणि मालकांकडे वळतांना मावळते. तेवढ्यांत त्या बापाचें सारें हृद्गत आपणांस कळतें. रॉल्फ डी हीर याच्या 'द ट्रॅकर' मध्यें तर १९२२ सालचा हा वाटाड्या गोऱ्या शिपायांना आपल्या बेतानें रानांतून फिरवतो, आणि निरपराध आदिवासींची हत्या करणाऱ्या अधिकाऱ्याला शेवटीं स्वतःच न्याय करून झाडाला लटकावतो. 'वॉकअबाउट' मध्यें झाडावर कोणाचें प्रेत होतें, हें ज्यांना आठवतें, त्यांना या दृश्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. या भूमिकेबद्दल त्याला त्या देशाचें उत्कृष्ट नटाचें पारितोषिक मिळालें.

कांहीं टीकाकार म्हणतात कीं, गुल्पिलिल अभिनय करीतच नसे. तो नुसता पडद्यावर असे. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. रानांतला माणूस म्हणजे निसर्गाचा एक तुकडा, त्याला कला कशाची, हा जुना समज या स्तुतीच्या पोटांत दडलेला आहे. कोणत्या क्षणीं स्तब्ध राहावें, नजर कोठवर नेऊन कोठें आंवरावी, पाऊल किती हलकें टाकावें, हें त्यानें नृत्यांत शिकून घेतलें होतें. आमच्या कीर्तनकाराचा किंवा तमासगिराचा अभिनय जर शिक्षणाचा, तर योलंगू नर्तकाचा तेवढा उपजत, असें कां म्हणावें?

पुढें त्यानें आणखी एक पाऊल टाकलें. मानववंशशास्त्रज्ञ डॉनल्ड टॉमसन यानें १९३० नंतरच्या दशकांत आराफुरा दलदलींत घेतलेलें एक छायाचित्र त्यानें डी हीरला दाखवलें. त्यांत दहा होड्यांतून उभे राहून लोक पाण्यावरून चालले आहेत. त्या छायाचित्रांतून 'टेन कनूज' (२००६) हा चित्रपट उभा राहिला. पीटर जिगिर हा त्याचा सहदिग्दर्शक, गुल्पिलिलचा मुलगा जेमी एक प्रमुख नट, आणि सर्व संवाद आदिवासी भाषांत. एवढ्या लांबीचा असा चित्रपट ऑस्ट्रेलियांत पूर्वीं झाला नव्हता. निवेदन गुल्पिलिलचें. तो आरंभ करतो तो पाश्चात्त्य परीकथेच्या थाटांत, आणि लगेच खळखळून हंसतो. ही गोष्ट तुमची नव्हे, माझी आहे, असें बजावतो. आतां प्रेक्षकच मागून चालत होते, आणि कोठें न्यावयाचें हें तो ठरवीत होता.

'चार्लीज कंट्री' (२०१३) याची जुळवाजुळव तो तुरुंगांत असतां झाली. डी हीर त्याला भेटावयास गेला, आणि दोघांनीं मिळून कथा रचली. चार्ली हा वस्तीवरचा म्हातारा. पोलिसांसाठीं तो माग काढतो. पण त्यानें शिकारीसाठीं भाला केला, तर तेच पोलिस घातक शस्त्र म्हणून तो काढून घेतात. कंटाळून तो जुन्या रीतीनें राहण्यास रानांत जातो. पावसांत आजारी पडतो. डार्विनच्या इस्पितळांत, तेथून दारुड्यांच्या संगतींत, आणि शेवटीं तुरुंगांत पोंचतो. केंस आणि दाढी काढलेला त्याचा चेहरा पडद्यावर बराच वेळ आपल्याकडे पाहतो. सुटून आल्यावर तो वस्तीवरच्या मुलांना नाच शिकवूं लागतो. गुल्पिलिलनें येथें स्वतःची कैफियत मांडलेली नाहीं, कीं दयेची याचनाहि केलेली नाहीं. आपल्या आयुष्याचा माग त्यानें स्वतःच काढून दाखवला आहे. कान येथील महोत्सवांत २०१४ सालीं या भूमिकेबद्दल एका विभागाचें उत्कृष्ट नटाचें पारितोषिक त्याला मिळालें.

२०१७ सालीं त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. २०१९ सालीं 'स्टॉर्म बॉय' पुनः निघाला, तेव्हां आपण पूर्वीं केलेल्या पात्राच्या बापाची भूमिका त्यानें केली. मॉली रेनल्ड्स हिनें दिग्दर्शित केलेला 'माय नेम इज गुल्पिलिल' हा माहितीपट २०२१ सालीं आला. आपण तो पुरा होईपर्यंत जगूं, अशी त्याला आशा नव्हती. पण तो जगला, आणि त्यानें तो पाहिला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मरे ब्रिज येथें त्याचा अंत झाला.

योलंगू लोकांच्या रीतीप्रमाणें मृताचें नांव कांहीं काळ उच्चारीत नाहींत. म्हणून कुटुंबाच्या विनंतीवरून वृत्तपत्रांनीं पहिले कांहीं दिवस त्याचा उल्लेख 'डेव्हिड दलाइथंगू' असा केला. नंतर घरच्यांनींच त्याचें नांव घेण्यास अनुमति दिली. पहिल्या चित्रपटांत ज्याचें नांव धड लिहिण्याची कोणी तसदी घेतली नाहीं, त्याचें नांव केव्हां घ्यावें हें आतां त्याच्या माणसांना विचारून ठरलें. मरे ब्रिज हें त्याचें गांव नव्हे. उपचारांसाठीं तो तेथें राहिला होता, आणि आपणांस आपल्या भूमींत पुरावें ही त्याची इच्छा होती. आप्तांनीं त्याचा देह अवघा देश ओलांडून उत्तरेस आर्नहेम लँडमध्यें नेला, आणि तेथें आपल्या विधींनीं त्याला मातींत ठेवलें. त्या प्रवासावर २०२५ सालीं एक माहितीपट झाला आहे. ज्यानें पडद्यावर इतक्यांना घरीं पोंचवलें, त्याचें घर कोठें होतें, हें त्यांत दिसतें.