व्यवसाय कराचं देणं

माणदेशात आमची थोडी जिरायत होती. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर काहीच नाही. उन्हाळा लागला की आई पाझर तलावाच्या कामावर जायची. मुकादम मस्टरवर नाव घालायचा, आई अंगठा उठवायची. पगार कधी कधी महिनाभर लांबे. तेव्हा वाण्याच्या उधारीवर घर चाले. पण मागितलं की काम मिळतं, हा तिचा भरवसा पक्का होता. त्या भरवशावरच माझी शाळा सुटली नाही.

त्यामागे कोण कोण उभं होतं, ते पुण्यात अर्थशास्त्र शिकताना कळलं. आधीच्या योजना वेगळ्या होत्या. जर्मनीत बिस्मार्कनं 1883 मध्ये आणलेला आजारपणाचा विमा मुख्यतः कारखान्यांतल्या कामगारांसाठी होता. दोन तृतीयांश वर्गणी त्यांची, एक तृतीयांश मालकाची. ब्रिटनचा 1911 चा विमाही वर्गणीवरच उभा राहिला. माझी आई कुठली वर्गणी भरणार? तिला मालकच नव्हता.

महाराष्ट्रानं सुरुवात केली ती तिच्यापासून. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळानं त्याची निकड राज्यभर पटवली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचं काम मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. दिवसांची मर्यादा नाही. 2005 मध्ये देशानं हा हक्क स्वीकारला, तो कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांचा होता. बिहार-ओडिशातल्या मजुरापर्यंत तो पोचला, ही फार मोठी गोष्ट. तरी दुष्काळी सालात 100 दिवस पुरत नाहीत, हे मी घरात पाहिलेलं आहे.

आणि पैसा? या हमीसाठी 1975 पासून शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनं आपल्याकडून घालायची, अशी तरतूद होती. मुंबईतल्या कुण्या कारकुनाचे चार पैसे माणदेशातल्या तलावाच्या भरावावर असे पोचत होते. आता माझ्याही पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये जातात. ते आनंदानं देतो, आणि मजुरी वेळेवर मिळावी म्हणून जिथे लिहिता येईल तिथे लिहितो.

त्या काळी कर भरलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना सांगायचं आहे: तुमच्या पैशावर आमची चूल पेटली, आणि मी शिकलो.