कायद्यातले मूल, घरातले मूल

सरकारी परिपत्रकाला साहित्य मानण्याची आपल्याकडे रीत नाही. त्याची भाषा रुक्ष, वाक्ये लांबलचक, आणि 'उपरोक्त', 'सदरहू' यांच्या गर्दीत अर्थ शोधताना वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. तरीही परभणी जिल्ह्यात निराधार मुलांसाठी काम करणाऱ्यांच्या सोबतीने हिंडताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. या रुक्ष कागदातला एखादा शब्द बदलला की कुठल्यातरी तांड्यावरच्या मुलाचे अवघे आयुष्य दिशा बदलते. मग तो शब्द कवितेतल्या शब्दाइतक्याच काळजीने वाचावा लागतो.

शब्दांचाच प्रवास पाहा. मुंबई प्रांतात मुलांसाठीचा पहिला कायदा १९२४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दुसरा आला. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने निरनिराळ्या राज्यांतल्या कायद्यांच्या जागी एक कायदा आणला. मात्र त्यात अशा मुलाला 'उपेक्षित' म्हटले होते, आणि मुलग्याचे बालपण सोळाव्या वर्षी, तर मुलीचे अठराव्या वर्षी संपत होते. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षे दिली आणि 'उपेक्षित' हा शिक्का पुसून 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' असे नाव दिले. वरवर पाहता हा नुसता शब्दांचा फेर. परंतु 'उपेक्षित' म्हटले की मुलाची अवस्था तेवढी सांगून होते. 'गरज' म्हटले की ती कोणी भागवायची, हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा राहतो.

जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आधी मुलाचे स्वतःचे कुटुंब, मग नातलग, मग प्रतिपालन करणारे कुटुंब किंवा दत्तकाचे घर, असा क्रम त्यात आहे. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. कार्यकर्त्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा आणि समितीने चार महिन्यांत निर्णय करायचा. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला आणि सप्टेंबर २०२२ पासून तो बदल अमलात आला. त्याच सुमारास 'मिशन वात्सल्य'ची मार्गदर्शक तत्त्वे आली. अशा प्रत्येक बदलाबरोबर कार्यकर्त्याला नवे नमुने, नव्या मुदती आणि नवे दाखले शिकावे लागतात. बिचारा जुने पाठ करून संपवतो तोवर नवे येऊन थडकते!

या सगळ्याचा अर्थ परभणीच्या मातीत काय होतो? जिल्हा कापसाचा, सोयाबीनचा आणि पावसाच्या भरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो आणि उचल मिळते ती त्या कोयत्यावर. साहजिकच एकट्या मुलग्याचे लग्न लवकर उरकण्याची घाई होते. मागे ठेवलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी घेणारे कोणी नसते, म्हणून तिच्याही लग्नाची घाई. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. जिचे असे लग्न होऊ घातले आहे, ती मुलगीही २०१५ च्या कायद्याप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालकच आहे. मांडव थांबवला म्हणजे काम संपले असे नाही. तिथून खरे काम सुरू होते.

एका वस्तीवर आईवडील गमावलेली दहा वर्षांची एक मुलगी आजीजवळ राहत होती. चौकशीला आलेल्या कार्यकर्तीला आजी म्हणाली, "ताई, पोरीला बोर्डिंगात टाका. माझं वय झालं, मला नाही होत आता." ताई म्हणाल्या, "आजी, पोरगी तुमच्यापाशीच राहू द्या. सरकारातून तिच्यासाठी महिन्याला पैसे येतील." म्हातारीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "पैसे येतील तवा येतील. तू येशील का, ते सांग."

राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला एकेकाळी दरमहा ४२५ रुपये मिळत. पुढे ते ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५०. ही वाढ स्वागतार्ह आहे. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही रकमेत बसत नाही.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई मला अशा वेळी आठवते. परंपरा सांगते, की आई गेल्यावर लहानगी जना पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. तिने स्वतःला नामयाची दासी म्हटले आणि त्या दास्याचे तिने सोने केले, ही तिची थोरवी. पण परक्याच्या घरी वाढणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला नामदेवाचे घर येत नाही. दळण-कांडण, शेण-गोठा एवढेच येते. नातलगाच्या घरी ठेवलेले मूल तिथे लेकरू म्हणून आहे की बिनपगारी गडी म्हणून, हे पाहण्यासाठीच कार्यकर्त्याने पुन्हा पुन्हा जायचे असते.

आपण ख्रिस्ती लोक या प्रश्नाकडे त्रयस्थासारखे पाहू शकत नाही. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना मिशनने जवळ केले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची मुळे बोर्डिंगच्या ओसरीत आहेत. त्या धर्मभगिनींचे आणि धर्मगुरूंचे ऋण फिटणारे नाही. काळ बदलतो तशी सेवेचीही परीक्षा होते. २०१५ साली दत्तकाच्या नव्या नियमांमुळे एकट्या व्यक्तीलाही मूल देणे भाग पडेल असे दिसल्यावर मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने भारतातले आपले दत्तक-केंद्रांचे काम थांबवले. त्या निर्णयामागे सदसद्विवेकाची हाक होती आणि तिचा मान राखला पाहिजे. २०२४ मध्ये तर एकट्या व्यक्तीला प्रतिपालनाचीही मुभा मिळाली. पण एक प्रश्न मला सोडत नाही. मुलाला आईबाप दोघेही मिळावेत अशी आपली श्रद्धा असेल, तर आपली आईबाप असलेली घरे किती मुलांसाठी उघडली? श्रद्धेचा आग्रह धरायचा आणि दार लावून घ्यायचे, हे कसे चालेल?

कोरोनाच्या साथीत हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय राज्याने जून २०२१ मध्ये घेतला. योगायोग असा, की पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ हे संत योसेफाचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. मूल जन्माला घातल्याने कोणी पिता होत नाही, त्याची जबाबदारी घेतल्याने होतो, अशा आशयाचे त्यांनी त्या वेळच्या पत्रात लिहिले होते.

नाताळात अनाथाश्रमात केक आणि कपडे वाटून यावेत, ही आपली चांगली चाल आहे. ती मोडू नये. पण आपल्याच धर्मग्रामातल्या एखाद्या विधवेचे, एखाद्या थकलेल्या आजीचे मूल आश्रमात जाऊच नये म्हणून आपण काय केले? तिला दाखले काढून द्यावेत, बँकेचे खाते उघडून द्यावे, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यावा. संकटातले मूल दिसले तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. याला देणगीची पावती मिळत नाही, आणि वेळ मात्र द्यावा लागतो.

संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. त्याला स्वप्नात सूचना येत गेल्या आणि त्या दर वेळी बदलत गेल्या. आधी मरियेचा स्वीकार कर, मग इजिप्तला जा, मग परत ये, मग गालीलाकडे वळ. एकदाही त्याने कुरकुर केली नाही. उठला आणि निघाला. त्यातल्या प्रवासाच्या सूचनेत एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. बालक आणि त्याची आई, दोघांना बरोबर घेऊन निघायचे होते. बालकाला आईपासून वेगळे काढून सुरक्षित ठिकाणी पोहोचव, असे देवदूताने त्याला एकदाही सांगितले नाही.