तीन तासांचा लॉग

विदर्भात शाळासुद्धा उन्हाला विचारून उघडते. २०२५ साली उरलेल्या महाराष्ट्रात शाळेची घंटा १६ जूनला वाजली, आमच्याकडे २३ जूनला. दरवर्षी थोडंफार असंच असतं. (सीबीएसईवाले एप्रिलमध्येच सत्र सुरू करतात, पण त्यांचं सगळंच वेगळं.) आमच्या लेकीच्या बालवाडीनेही तोच सोमवार धरला आणि वयाच्या साडेतीनव्या वर्षी बाईसाहेब शाळेत रुजू झाल्या.

प्रवेशासाठी जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, फोटो चार. वयाचा हिशोब एकदम पक्का. राज्य सरकारने २०२० साली ठरवून दिलंय, ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. माझ्या वडिलांच्या वेळी हे सगळं काम गुरुजींच्या एका प्रश्नात उरकलं होतं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता येतो का? येतो. मग लिहा, जन्मतारीख १ जून. त्यांची आई सांगायची की कपाशीला बोंडं धरली होती तेव्हा झाला हा, म्हणजे जून शक्यच नाही! पण त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र कागदोपत्री १ जूनला जन्मला आणि ३१ मेला निवृत्त झाला. कुणाचं काही अडलं नाही. असो.

आम्ही दोघंही मिहानमध्ये कामाला. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मिहान म्हणजे पेपरातली बातमी होती, त्यामुळे नोकरी म्हटलं की बॅग भरून हिंजवडी. आता टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल सगळे इथे आहेत, शेजारी एम्स आहे, खापरीपर्यंत मेट्रो येते. परत येण्याचं कारण विचारलं की लोकांना मी हेच सांगतो. खरं कारण माझी आई.

सौ.ची सव्वीस आठवड्यांची रजा संपली त्या दिवसापासून पोरगी आईच्या ताब्यात. आम्ही सकाळी हापिसात आणि संध्याकाळी घरी आलो की चहाबरोबर रिपोर्ट. दीड पोळी खाल्ली. दुपारी दोनदा उठली. मांजर दिसलं तर भ्यायली नाही. वरणात मीठ कमी होतं तर थुंकली, हुशार आहे. मला कधीकधी कंटाळा यायचा ऐकायचा, पण आमच्या भाषेत सांगायचं तर तीन वर्षांचा संपूर्ण लॉग होता तो, टाइमस्टॅम्पसकट. पोरीचा एकही तास असा नव्हता की ज्याचा घरात कुणाला पत्ता नाही.

सोमवारी फाटकावर आई पण आली. बाकी पोरांचा नुसता आकांत. एकाने तर वडिलांच्या पँटचा खिसाच धरून ठेवलेला. आमची बया रडलीच नाही. मावशींचा हात धरला, त्यांच्या चपलेवरचं फूल बघितलं आणि चालायला लागली. रडली असती तर जरा बरं वाटलं असतं, असा एक दुष्ट विचार अस्मादिकांच्या मनात येऊन गेला. आई मात्र फाटकाच्या गजातून टीचरला सांगत होती, "तिले पाणी मागता येत नाही माय, व्हट सुकले की द्या लागते." टीचर हसून "हो आजी" म्हणाल्या. तीन वर्षांची सगळी माहिती तिला त्या एका वाक्यात हस्तांतरित करायची होती बहुतेक.

मी तिथून थेट हापिसात. स्टँडअप चालू, मी म्यूटवर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा की वर्गातला कॅमेरा मोबाईलवर बघता यायला हवा. माझा एक मित्र मुलाच्या शाळेचं फुटेज दिवसभर एका खिडकीत उघडं ठेवतो. मॉनिटरिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे डॅशबोर्ड माणसाचं काय करतो ते ठाऊक आहे. सगळं हिरवं असलं तरी आपण बघत बसतो. मी ग्रुपवर 'नको' लिहिलं. दोघांनी लगेच 'तुम्हाला काळजी नाही का' विचारलं.

आहे ना! पण मला ताराबाई मोडक आठवल्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर गेला. अंगणातली शाळा दारात उभ्या आईला दिसायची हे खरं. पण मान वर केली की मुलालाही आई दिसायची. कॅमेऱ्यात तसं नसतं. तो एकाच बाजूने बघतो, आणि बघणारा कोण हे मुलाला कळत नाही. ती अंगणवाडी नव्हे, तो पहारा.

एवढं मोठं तत्त्वज्ञान मांडून मी बारा वाजायच्या आधी दहा मिनिटं फाटकावर हजर होतो, हे सांगून टाकतो.

"काय केलं शाळेत?"

"काही नाही."

"खाऊ?"

"खाल्ला."

बस्स. तीन तासांचा एवढाच लॉग. घरी आलो तर आईने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले होते, कूलरमध्ये पाणी काठोकाठ भरलेलं, भाजी कापून, कणीक मळून तयार. म्हणाली, "तीन तास एवढे मोठे असते, मले माहीतच नव्हतं." पोरीने तिच्या हातून पाणी घेतलं, म्हणजे मागून घेतलं, "आजी, पाणी दे." आई काही बोलली नाही. ग्लास परत घेताना नुसती तिच्याकडे बघत राहिली.

गुरुवारी संध्याकाळी मी तिला जेवायला उचलायला गेलो तर मला म्हणाली, "थांब ना बे!"

सौ. मूळची पुण्याची. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. 'बे' आमच्या घरात मी मित्रांशी फोनवर बोलतानासुद्धा गच्चीवर जाऊन वापरतो. तिने विचारलं, कोण म्हणतं असं? कुठला मुलगा? नाव काय त्याचं? आई पदर तोंडाला लावून हसत होती. सोमवारपासून पहिल्यांदाच.

"शाळेतलं आहे," बाईसाहेब म्हणाल्या, "तुला नाही माहीत." आणि दप्तर पाठीला लावून दारात जाऊन उभ्या राहिल्या. रात्रीचे आठ वाजले होते.