सहज बसलेलं हाड

मनगट मोडून आलेल्या बाईंना मी एक्स-रे बघायच्या आधी विचारतो, "काकू, पडलात कशा?" उत्तरं साधारण ठरलेली. न्हाणीत पाय घसरला, चटईत अडकला, रिक्षातून उतरताना तोल गेला. "तसं फार काही नाही हो डॉक्टर, नुसता हात टेकला," हे वर ओशाळून. मला नेमकं तेच ऐकायचं असतं. चालता-चालता पडून नुसता हात टेकला तर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. पडणं जितकं किरकोळ, तितका मला हाडाचा संशय जास्त.

मग बांगड्या. सूज चढायच्या आत त्या निघायला हव्यात. पाटल्या साबणाच्या पाण्याने निघतात, अंगठी दोरा गुंडाळून निघते, काचेच्या बांगड्यांपाशी गाडी अडते. फोडायच्या म्हटलं की काकूंचा चेहरा उतरतो. आमच्या सिस्टर "वाढवू या हं" म्हणत कापसाची घडी आत सरकवतात, दुसऱ्या हाताला बोटही लावत नाहीत. ही कला कुठल्या पुस्तकात नाही.

मनगटाजवळ मोडून मागे सरकलेल्या अंगठ्याकडच्या हाडाला, म्हणजे रेडियसला, आम्ही कॉलिस फ्रॅक्चर म्हणतो. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा क्ष-किरण सापडायला 81 वर्षं बाकी होती. सगळा निवाडा डोळ्यांचा आणि बोटांचा. बाजूने पाहिलं तर हात जेवणाच्या काट्यासारखा वाकलेला दिसतो, हे मी आजही विद्यार्थ्यांना एक्स-रे झाकून ठेवून दाखवतो.

हाड बसवताना मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन देतो. एकजण कोपराच्या वर धरून उलटी ओढ देतो, मी पंजा धरून सावकाश ताणतो. अडकलेली टोकं सुटली की सरकलेला तुकडा अंगठ्याने खाली दाबायचा आणि मनगट किंचित करंगळीकडे झुकवायचं. तरण्या माणसाच्या हाडाशी इथे झटापट होते. काकूंचं हाड मात्र विनातक्रार बसतं. शिकाऊ डॉक्टर खूश होतात, मी होत नाही. मनगटाजवळचं हाड आतून बारीक जाळीचं असतं, आणि पाळी गेल्यावर हाडाची झीज आधी अशा जाळीतच होते. मोडताना पाठीमागच्या बाजूचा चुरा झालेला असतो. हाड बसवलं की त्या जागी पोकळी उरते, आधार उरत नाही. पटकन बसलेलं हाड तितक्याच पटकन खचतं. म्हणून आठवड्याने पुन्हा एक्स-रे.

तो एक्स-रे पाहून मुलगा हमखास विचारतो, "थोडं तिरकं दिसतंय, प्लेट टाकायची का?" पंचाहत्तरीच्या आजींना बहुतेकदा मी नको म्हणतो. या वयात हात थोडा वाकडा जुळला तरी वर्षभराने कामाला फारसा फरक पडत नाही, असं अभ्यास सांगतात. व्यंग राहील पण हात चालेल, हे कॉलिसनेही लिहून ठेवलंय. मला त्याहून जास्त काळजी आखडलेल्या बोटांची असते. हात झोळीत घालून महिनाभर जपून ठेवला, की मनगट जुळतं आणि मूठ वळत नाही.

सगळीच कमजोर हाडं वयाची नसतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या चाळिशीतही हाड पोखरतात. आणि तिशीतली बाई बादली उचलताना मनगट मोडून आली, तर माझा प्रश्न वेगळा असतो: मोडायच्या आधीपासून दुखत होतं का? "होतं की, चार-सहा महिने. मुरगळलं असेल म्हणून चोळून घेत होते." इथे हात आखडता घ्यायचा. रेडियसच्या टोकाला जायंट सेल ट्यूमर होतो, बहुतेक विशी ते चाळिशीत. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण हाड आतून खाऊन वरचं कवच पापुद्र्याएवढं करून ठेवतो. हाडवैद्याच्या कांबट्या इथे कामाच्या नाहीत, आणि तुकडा तपासायच्या आधी घाईने टाकलेली प्लेटही नाही. तिने गाठीच्या पेशी आजूबाजूला पसरतात. आधी बायोप्सी. मग गाठ खरवडून पोकळी सिमेंटने भरायची, फारच वाढली असेल तर तेवढं हाड काढून तिथे पायातल्या फिब्युलाचं वरचं टोक बसवायचं.

काकूंचं प्लास्टर पाच-सहा आठवड्यांनी निघतं, आणि तिथेच त्या आमच्या हातून निसटतात. हात बरा झाला, आता कशाला यायचं? मनगट मोडलेल्या बाईचं पुढे खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते, हे घरच्यांना पटवणं हाड बसवण्यापेक्षा अवघड. म्हणून मी प्लास्टरवरच मार्करने लिहून ठेवतो: "डेक्सा, ड जीवनसत्त्व." डेक्सा ही हाडाच्या घनतेची तपासणी. त्यात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली निघाला तर ऑस्टिओपोरोसिस. तो उणे 2 आला, तरी मोडलेल्या मनगटाची साक्ष मी जास्त मानतो.

औषध बहुतेकदा आठवड्यातून एकच गोळी. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आठवड्याचा एखादा उपास असेल तर मी तोच वार धरायला सांगतो, म्हणजे विसरत नाहीत. काकू सगळं मान डोलावून ऐकतात, पिशवी उचलतात आणि दारातून वळून विचारतात, "पण चहा चालेल ना?"