पिकअपची दमछाक आणि मॅनिफोल्डमधली काजळी

टोमॅटोचा तोडा सुरू व्हायच्या आधी यंदा एक काम उरकून घेतलं. पिकअपचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवून साफ केलं. साठ क्रेट भरले की गाडी चढाला दम टाकायची, मागून काळा धूर, डिझेलही जास्त. एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा, टर्बोचा पाइप कुठे फाटलेला नाही. मग संशय उरतो तो मॅनिफोल्डवर.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनची हवेची सबमेन. इथून प्रत्येक सिलिंडरला हवा वाटली जाते. आपल्या बीएस-४ डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडचा थोडा धूर परत याच हवेत सोडतो. त्यामुळे आत जळताना तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. दुसरीकडून ब्रीदरच्या पाइपातून ऑइलची वाफ येते. काजळी अधिक ऑइल म्हणजे डांबर. ड्रिपच्या नळीत क्षार धरतात तसंच हे थरावर थर बसतं आणि भोक बारीक होत जातं.

खोललं तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा थर होता. काम असं केलं:

– इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. प्रत्येक पाइप-कनेक्टरचा मोबाइलवर फोटो.
– मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडची भोकं स्वच्छ फडक्यांनी बंद. फडकी मोजून घातली, मोजून काढली. खरवडलेला खडा आत गेला तर व्हॉल्व्हचं काम निघतं.
– रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवलं, सकाळी लाकडी पट्टी आणि ब्रशने काढलं. मग साबणाचं पाणी, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत ऊन.
– गॅस्केट नवीन. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर.

दोन गोष्टी टाळा. ड्रिपला आपण ॲसिड सोडतो, पण मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचं असतं, त्याला ॲसिड नको आणि कॉस्टिक सोडा तर मुळीच नको, धातूच खाऊन टाकतो. आणि चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात डिझेल किंवा पेट घेणारं काही मारू नका. इंजिन तेच जाळून बेफाम पळू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

आता खरा प्रश्न. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, ईजीआरला पत्रा मारून टाकू, परत काजळीच नाही." काजळी थांबेल हे खरं. पण गाडीची प्रदूषण कमी करणारी यंत्रणा बंद करणं कायद्यात बसत नाही, सेन्सरवाल्या गाडीला चेक लाइटही लागू शकते. आणि ते वाढलेले नायट्रोजन ऑक्साइड जातात कुठे? आपल्याच गावच्या हवेत. मी नाही म्हणालो.

त्याऐवजी ब्रीदरच्या वाटेत ऑइल कॅच कॅन बसवला. वाफेतलं बरंचसं ऑइल डब्यात साठतं, उरलेली हवा पूर्वीसारखी इनटेकलाच जाते. ब्रीदर उघड्यावर सोडलेला नाही. डबा दर पंधरा दिवसांनी रिकामा करायचा, विसरलो तर फायदा शून्य. उघडा "स्पोर्ट्स" फिल्टर मात्र घेतला नाही. आपल्या पांदीच्या धुळीत बंद डब्यातला कागदी फिल्टरच बरा.

काजळी वाढते ती आपल्या वापरामुळेही. घर ते प्लॉट एवढ्याच फेऱ्या, इंजिन कधी नीट तापतच नाही. मार्केटच्या रांगेत तासभर इंजिन चालू. तिथं चावी बंद करणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

गाडी आता साठ क्रेट घेऊन चढ नीट ओढते, काळा धूर गेला. लिलावाला उशिरा पोचलं की भाव कोण देतो? तोड्याच्या दिवसांत गाडी गॅरेजला उभी राहण्यापेक्षा आधीचे दोन दिवस कधीही परवडले.