खुनी ठाऊक असलेली रहस्यकथा

इंग्रजी रहस्यकथेतलं ते मोठं घर आपल्याही वाचकांच्या चांगलं ओळखीचं झालं आहे. दोन महायुद्धांच्या मधला काळ, गावाबाहेरचा बंगला, मुक्कामाला आलेले पाहुणे, दाराआड उभे असलेले नोकर आणि सकाळी उघडकीला आलेला खून. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी 1920 साली छापून आली, ती अशाच एका घरातली. पुढे 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथाकारांसाठी दहा नियम घालून दिले. त्यांतला एक असा, की गोष्टीत एकापेक्षा जास्त चोरवाटा असू नयेत. या साऱ्या नियमांच्या मुळाशी वाचकाशी केलेला एकच करार आहे. खुनी कोण, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, पण कळण्याजोगा पुरावा मात्र त्याच्यासमोर प्रामाणिकपणे ठेवायचा.

मी ऐतिहासिक रहस्यकथा लिहितो आणि राहतो पुण्यात. माझ्या वाट्याला आलेलं मोठं घर म्हणजे शनिवारवाडा. सोमवार, 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. भर दुपारी, जेवणं झाल्यावर, वयाची अठरा वर्षं नुकतीच पूर्ण केलेल्या नारायणराव पेशव्यांना त्यांच्याच वाड्यात, त्यांच्याच चुलत्यासमोर, रघुनाथरावांसमोर, पहाऱ्यावरच्या गारद्यांनी कापून काढलं. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही गारद्यांच्या म्होरक्यांची नावं आणि पाय धरून ओढणारा रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार, हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. म्हणून मित्र मला विचारतात, खुनी पहिल्या पानावरच माहीत असेल तर रहस्य उरतं कुठे?

ते उरतं, आणि फार मोठं उरतं. तलवार कोणाची होती, हा प्रश्न या वाड्यात पहिल्या घटकेतच निकालात निघाला. आधी कोणाला माहीत होतं आणि माहीत असून कोण गप्प बसलं, या प्रश्नाला आज अडीचशे वर्षं झाली. इंग्रजी बंगल्यात एकाच्या मनातलं गुपित बाकी सगळ्यांपासून लपलेलं असतं. पेशव्यांच्या वाड्यात गुपित बऱ्याच जणांच्या कानांवर होतं, आणि ज्याचा जीव जायचा होता त्याच्याही कानांवर त्याचा थोडा अंश गेला होता. त्या सकाळी नारायणरावांची सरदार रघूजी आंग्र्यांशी भेट झाली. गारद्यांचं लक्षण ठीक नाही याची कुणकुण लागली, आणि नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत एका नातेवाइकाकडे जेवायला गेले. ते जेवून येईपर्यंत सारं आटोपलेलं होतं.

कादंबरीकार म्हणून माझा जीव या जेवणाशी येऊन अडतो. पाट मांडलेला आहे, सणाचे दिवस आहेत, वाढप चाललं आहे, आणि ज्याच्यावर बंदोबस्ताचं काम सोपवलं आहे तो माणूस सावकाश जेवतो आहे. साचेबंद रहस्यकथेत असा माणूस आपोआप संशयित ठरतो. वाचकाचं बोट त्याच्याकडे वळवायला मला दोन वाक्यं पुरतील. पण हेच हरिपंत पुढे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या बारभाईंच्या बाजूने उभे राहिले आणि फौज घेऊन रघुनाथरावांच्या पाठीवर गेले. त्यांच्यावर कटाचा आळ घ्यायला कागदाचा आधार नाही. मग हे जेवण लिहायचं कसं? मला वाटतं, जसं झालं तसंच लिहावं. गारद्यांची पगारासाठी कटकट नेहमीचीच, जेवण उरकून पाहू, असं वाटणारा कर्तबगार माणूस उभा करावा. कपटी माणसापेक्षा असा माणूस रंगवणं कितीतरी अवघड आहे. आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो तोही त्याच्यामुळेच, कारण आपणही रोज असंच काहीतरी दुपारनंतरवर ढकलत असतो.

घराची आखणी हा या कलेतला दुसरा मोठा भाग. इंग्रजी कादंबऱ्यांत कधी कधी पहिल्याच पानांत बंगल्याचा नकाशा छापलेला असतो. इथे नकाशा मला पायांनी काढावा लागतो. 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांती झालेला हा वाडा 27 फेब्रुवारी 1828 रोजी पेटला, तो कित्येक दिवस जळत राहिला. वरचं सागवानी काम सगळं गेलं. आज दिसतात ते तट, बुरूज आणि 1919 नंतरच्या उत्खननात मोकळे झालेले चौथरे. कुठल्या मजल्यावर कोण निजत होतं, कुठल्या जिन्याने कुठल्या दालनात जाता येत होतं, हे बखरी, पत्रं आणि हिशेब ताडून जुळवावं लागतं. जिथे जुळत नाही तिथे मी पात्राला त्या जिन्यावर चढवतच नाही.

दिल्ली दरवाजा मात्र अजून जागेवर आहे. त्याच्या फळ्यांवर हत्तीची धडक अडवण्यासाठी ठोकलेले टोकदार खिळे आहेत. उजव्या फळीत एक लहान दिंडी आहे. ती इतकी बेताची, की आत जाणाऱ्याला मान लववून, एक पाय आधी टाकून, एकेकट्यानेच शिरावं लागतं. महाद्वार लावलेलं असेल, तर त्या दिंडीतून फौज घुसू शकत नाही. गारदी तर बाहेरचे हल्लेखोर नव्हतेच, वाड्याच्या पहाऱ्यावरची शिबंदी होते. चढलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत ते आत आले, आणि वाड्याला हा गलका नवा नव्हता. शत्रूसाठी बांधलेल्या साऱ्या बंदोबस्ताचा इथे काही उपयोग नव्हता. दक्षिणेकडे नारायण दरवाजा आहे. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला असं सांगतात, म्हणून ते नाव. वाडा पाहायला आलेले बहुतेक लोक तिकडे फिरकतही नाहीत.

वेळेचंही असंच. गाडीचं वेळापत्रक आणि भिंतीवरचं घड्याळ यांवर इंग्रजी रहस्यकथेचं अर्धं गणित उभं असतं. 1773 च्या पुण्यात दिवस आठ प्रहरांचा आणि साठ घटकांचा, एक घटका चोवीस मिनिटांची. पाण्यावर सोडलेली भोकाची वाटी भरून बुडाली की घटका झाली. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात ठरल्या वेळी चौघडा झडे. माझी पात्रं साक्ष देतात तेव्हा ती ‘एक वाजून दहा मिनिटांनी’ असं म्हणत नाहीत. पंगत उठली होती, विडे व्हायचे होते, धनी वामकुक्षीला गेले होते, अशा बोलीत ती वेळ सांगतात. या बोलण्यात फट असते. एकाची पंगत उठलेली आणि दुसऱ्याची अजून चाललेली असू शकते. ऐतिहासिक रहस्यकथेला लागणारी खरी जागा मला या फटीत सापडली.

नोकरांबद्दल मला फार आस्था आहे. खऱ्या इंग्लंडमध्ये, विल्टशायरमधल्या रोड हिल हाउस या घरात, 1860 साली एका लहान मुलाचा खून झाला. तिथल्या तपासाचा धागा धुण्याला दिलेल्या कपड्यांच्या यादीत होता. एक रात्रीचा झगा नाहीसा झाला होता. मोठ्या घरातली खरी बातमी दिवाणखान्याआधी मुदपाकखान्यात आणि परीटघरात पोचते. शनिवारवाड्यातही तेच. नारायणराव धावत सुटले, आधी चुलती पार्वतीबाईंकडे आणि मग काकांकडे, त्या पळापळीत त्यांना वाचवायला आडवा पडला तो चापाजी टिळेकर. हा हुजऱ्या धन्याच्या अंगावर पालथा पडला आणि त्याच्यासकट कापला गेला. इच्छारामपंत ढेरे गेले, वाड्यातल्या कुणबिणी मेल्या, एक गाय मेली. गोष्ट सांगताना आपण काकापुतण्यांत इतके गुंततो की चापाजीचं नाव निम्म्या लोकांना आठवत नाही. माझ्या कादंबरीत तपासाचा निवेदक वाड्यातलाच एक काल्पनिक कारकून आहे, आणि तो पहिली चौकशी करतो ती चापाजीच्या घरी जाऊन.

तपास करणारा माणूस इतिहासाने आयताच दिला आहे, आणि तो कोणत्याही कल्पित गुप्तहेराहून मोठा आहे. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचेच न्यायाधीश. ज्यांची चौकशी करायची तेच आता सत्तेवर बसलेले. तरी त्यांनी माहिती काढली. गोविंद सखाराम सरदेसाईंनी दिलेल्या तपशिलाप्रमाणे दोषी ठरले ते एकोणपन्नास जण. त्यांत तेरा गारदी होते. बाकी सव्वीस ब्राह्मण, तीन प्रभू आणि सात मराठे होते. तेरा गारद्यांपैकीही आठ हिंदू होते आणि पाच मुसलमान. ‘गारद्यांनी मारलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो, त्या वाक्याला हे आकडे पुरून उरतात. तलवार चालवणारे मूठभर, आणि त्यांच्यामागे दौत-कलम हाताळणारे, निरोप पोचवणारे, दार उघडं ठेवणारे त्याहून जास्त. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पुणं सोडून ते वाईजवळ जाऊन राहिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1909 मध्ये ‘भाऊबंदकी’ नाटक लिहिलं ते याच प्रसंगावर. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1944 साली ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. दोन्हींत न्यायाचा क्षण मोठा आहे आणि तो तसाच असायला हवा. मला मात्र ओढ आहे ती त्या क्षणाच्या आधीच्या दिवसांची, जेव्हा शास्त्रीबुवा एकेका माणसाला समोर बसवून विचारत असतील आणि समोरचा खाली मान घालून बसला असेल.

आता रघुनाथरावांची बायको आनंदीबाई. रघुनाथरावांच्या पत्रातलं ‘धरावे’ बदलून तिने ‘मारावे’ केलं, ही ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट मराठीत म्हण होऊन बसली आहे. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात ती आहे, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांच्या आत ती लोकांच्या तोंडी रुळली होती. पण ते पत्र आज कोणी काढून दाखवू शकत नाही. रहस्यकथाकाराच्या शिस्तीने पाहिलं तर मी आधी तो कागद मागेन. शाई एकच आहे का, बोरूची जाडी बदलली आहे का, ओळीवर आधी ओढलेल्या रेघेला अक्षर जिथे लटकतं तिथे खाडाखोड दिसते का, हे पाहीन. आणि कागदच नसेल तर आरोप ठेवणार नाही. दुसरं असं, की या गोष्टीचा फायदा कोणाला झाला हेही विचारावं लागतं. ‘मी फक्त धरायला सांगितलं होतं’ असं म्हणणाऱ्या रघुनाथरावांना तिने पळवाट दिली, आणि सव्वीस आणि सात आणि तीन माणसांचा दोष एका बाईच्या बोरूवर गोळा केला. आनंदीबाई निष्पाप होत्या असं मी म्हणत नाही. महत्त्वाकांक्षी, हुशार, नवऱ्याच्या हक्कासाठी झगडणारी बाई कटापासून अगदी अलिप्त असेल असं मला वाटतही नाही. पण खऱ्या, नावानिशी जगून गेलेल्या माणसावर कागदाबाहेरचा गुन्हा लादायचा नाही, हा माझ्या लेखनातला पहिला नियम आहे. नॉक्सच्या दहांमध्ये तो नाही, कारण त्याला फक्त काल्पनिक माणसं मारायची होती.

रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही कथाही मी बाजूला ठेवली आहे. त्या मुलाने ती हाक एका जिवंत माणसाला मारली होती, आणि त्या माणसाने ती ऐकली होती.

या विषयात अजून सापडण्यासारखं बरंच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. सरदेसाईंनी त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले. बाकीचं मोडी वाचणाऱ्यांची वाट पाहत बसलं आहे. दफ्तराबाहेरचे कागद तर घराघरांत आहेत. वाड्यावर चाकरीला असलेल्या माणसांच्या वंशजांकडे, माळ्यावरच्या पेटीत, एखादी रोजकीर्द, एखादी दानाची याद, एखादं ख्यालीखुशालीचं पत्र असू शकतं. 1773 च्या भाद्रपदात कोणाला काय दिलं, कोण कधी गावाला गेलं, अशी साधी नोंदही त्या दुपारच्या चित्रात एक माणूस जागेवर बसवू शकते. तुमच्या घरी असे मोडी कागद असतील तर ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा आणि सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जाणकाराला एकदा दाखवा.