चमकतंय, पण कुठे?

कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरचा असला तर निळसर-हिरवा चमकतो, ६ नॅनोमीटरचा झाला की लाल. पदार्थ तोच, रंग ठरतो आकारावर. हे क्वांटम डॉट हव्या त्या मापाचे बनवण्याची रीत एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये बसवली आणि २०२३ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

पेशींवर काम करणाऱ्यांची डोकेदुखी इथून पुढे सुरू होते. तेलकट द्रावणात जन्मलेला कण पाण्यात टिकत नाही, गुठळ्या होतात. म्हणून वर झिंक सल्फाइडचं कवच, त्यावर पाण्याशी जमवून घेणारं आवरण. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे साधून डॉट पेशींपर्यंत पोचवले.

मग नवखा विद्यार्थी मायक्रोस्कोपला डोळा लावतो आणि हरखतो. केंद्रकाशेजारी लाल ठिपक्यांचा पुंजका! जाणते लोक मात्र इथेच भुवई उंचावतात. पेशी बाहेरचा कण गिळते ती पिशवीत गुंडाळून, आणि पिशवीतला माल शेवटी लायसोसोममध्ये जातो. तिथला पीएच ५ च्या आसपास, पेशीद्रवाचा साधारण ७.२. आम्लता मोजणारा सेन्सर म्हणून सोडलेला कण पिशवीतच अडकला, तर तो पेशीद्रवाची खबर काय देणार, कप्पाळ? तेव्हा लायसोसोम वेगळ्या रंगात रंगवायचे आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवायची. ठिपक्यावर ठिपका बसला, की समजायचं, कण अडकला.

नुसत्या उजेडावरही भिस्त ठेवता येत नाही. कण जास्त जमले तरी उजेड वाढतोच. त्यावर तोड म्हणजे एकाच कणात दोन रंग: एक आम्लतेनुसार बदलणारा, दुसरा स्थिर. मोजायचं ते गुणोत्तर.

गंमत म्हणजे डॉटचा एक दोषच कामी आला. एकटा डॉट मधूनच विझतो, पुन्हा पेटतो. गुठळी तशी लुकलुकत नाही. २००३ मध्ये पॅरिसच्या माक्सिम दाहान यांच्या गटाने याच खुणेवर एकेकटा डॉट ओळखला आणि जिवंत चेतापेशीच्या पटलावर फिरणाऱ्या ग्राही रेणूंचा (रिसेप्टरचा) माग काढला.

रोगनिदानासाठी कॅडमियम माणसाच्या शरीरात सोडायला कोणी सहजी धजत नाही, आणि ते योग्यच आहे. कॉर्नेल विद्यापीठातून निघालेले सी-डॉट सिलिकाचे आहेत, आत रंगद्रव्य. मेलानोमा पसरलेल्या ५ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली, अहवाल २०१४ चा. तिथेही आधी पाहायचं होतं ते हेच, की कण जातात कुठे. किरणोत्सारी आयोडीन जोडून त्यांचा माग काढला. ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडले.